विमान कंपनीची नोकरी सांभाळून एअर गार्डचा टँकर: अमेरिकेतल्या मराठी वैमानिकांसाठी

दर दिवाळीनंतर मला एक-दोन फोन येतातच. महाराष्ट्र मंडळाच्या फराळाला कुणाच्या तरी आईने माझ्या आईकडून नंबर घेतलेला असतो. पलीकडे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, रिजनल विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, दोन-अडीच हजार तास झालेले. प्रश्न ठरलेला: "ताई, एवढे तास आहेत, मला टँकरवर घेतील ना?"

मी नाशिकला जन्मले, नवव्या वर्षी आईबाबांबरोबर इलिनॉयला आले. रिजनल जेटवर तीन वर्षं काढली आणि मग एअर नॅशनल गार्डच्या, म्हणजे हवाई दलाच्या अर्धवेळ राखीव शाखेच्या, केसी-१३५ टँकर स्क्वाड्रनमध्ये शिरले. आज महिन्यातले बरेचसे दिवस प्रवासी विमान उडवते आणि उरलेल्यातले काही दिवस टँकर. वाटेत मला जे कुणी सांगितलं नाही ते इथे लिहिते आहे.

तासांबद्दल आधीच बोलून टाकते. तासांमुळे तुमचा अर्ज नीट वाचला जातो. स्क्वाड्रन मात्र माणूस निवडते, पुढची दहा-वीस वर्षं एकाच तंबूत, एकाच कॉकपिटमध्ये ज्याच्याबरोबर राहायचं आहे असा. आणि निवड झाली की तुम्हाला पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसावं लागतं, तुमच्याहून सात वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात. या दोन गोष्टी मनाला पटल्या असतील तर बाकीची वाट लांब आहे, पण अवघड नाही.

ज्यांना टँकर म्हणजे नेमकं काय हे घरी समजावून सांगावं लागतं त्यांच्यासाठी थोडक्यात: केसी-१३५ हे हवेत इंधन देणारं विमान. पहिलं उड्डाण १९५६ सालचं, शेवटचं विमान १९६५ मध्ये बनलं, आणि नवी इंजिनं व नवी उपकरणं बसवून ती आजही उडतात. जास्तीत जास्त २ लाख पौंड, म्हणजे जवळजवळ ९० टन इंधन देता येतं. पुढे दोन वैमानिक, आणि शेपटीखाली पोटावर झोपून खिडकीतून पाहत नळी जोडणारा बूम ऑपरेटर. या ताफ्यातली निम्म्याहून जास्त विमानं गार्ड आणि रिझर्व्हकडे आहेत. म्हणूनच त्यांना अर्धवेळ उडवणारे वैमानिक लागतात, आणि म्हणूनच विमान कंपन्यांतल्या लोकांना तिथे जागा आहे.

१. आधी नागरिकत्व आणि वय

लष्करी अधिकारी व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डावर वैमानिक होता येत नाही. एच-१बी वर तर विचारच नको. बॅचलर्स पदवीही लागते. विषय कोणताही चालतो.

वयाची गोष्ट जास्त घात करते. ज्यांच्याकडे लष्करी विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) नाहीत त्यांना हवाई दलाचं वैमानिक प्रशिक्षण पहिल्यापासून करावं लागतं, आणि मी अर्ज केला तेव्हा ते ३३ वर्षं पूर्ण होण्याआधी सुरू व्हायला हवं होतं. सवलत कधीकधी मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका. नियम बदलत असतात, म्हणून आजचा आकडा भरती अधिकाऱ्याकडून लेखी घ्या.

इथला खड्डा असा की अर्जापासून प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापर्यंत एक ते दोन वर्षं सहज जातात. "आधी मोठ्या कंपनीत जातो, कॅप्टन होतो, मग बघू" असं म्हणणारे तीन जण मला माहीत आहेत. तिघांचंही वय उलटून गेलं. तुम्ही तिशीत असाल तर हा लेख नंतर वाचा, आधी फोन करा.

ज्यांनी पूर्वी हवाई दलात किंवा नौदलात उडवलं आहे आणि आता विमान कंपनीत आहेत, त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे विंग्ज आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा टँकरचं प्रशिक्षण घेतलं की काम सुरू होतं. त्यांनी पायरी ३ सोडून द्यावी.

भारतातूनही विचारणा होते. २०२५ च्या मार्चमध्ये भारताच्या संरक्षण मंत्रालयाने मेट्रिया या कंपनीशी एक केसी-१३५ चालकदलासह भाड्याने घेण्याचा करार केला, हवाई दल आणि नौदलाच्या वैमानिकांच्या सरावासाठी. ती बातमी वाचून पुण्याच्या एका मावसभावाने मला लगेच मेसेज केला. पण ते काम लष्करात टँकर उडवून आलेल्या लोकांचं असतं. भारतीय पासपोर्ट आणि एअरबसचा अनुभव एवढ्यावर इथे लिहिलेली वाट चालता येत नाही.

२. गार्ड की रिझर्व्ह, आणि कोणतं गाव

एअर नॅशनल गार्ड राज्याचंही असतं आणि देशाचंही. तुम्ही राज्याच्या गव्हर्नरलाही बांधील असता. एअर फोर्स रिझर्व्ह पूर्णपणे केंद्राचं. उडण्याच्या दृष्टीने फरक थोडा. (विमान कंपनीत "रिझर्व्ह" म्हणजे घरी बसून फोनची वाट पाहणं. मुलाखतीत हा शब्द जपून वापरा, माझा गोंधळ झाला होता.)

खरा विचार गावाचा करा. पिट्सबर्ग, मिलवॉकी, फीनिक्स, सॉल्ट लेक सिटी इथे गार्डचे टँकर नागरी विमानतळावरच उभे असतात. तुम्ही विमान धावपट्टीकडे नेताना पलीकडची ती करड्या रंगाची विमानं पाहिली असतील. याखेरीज इलिनॉयमध्ये स्कॉट, न्यू जर्सीत मॅकग्वायर, मेनमध्ये बँगोर. न्यू हॅम्पशरच्या पीज तळावर नवं केसी-४६ आहे. गार्डमध्ये ते सर्वांत आधी, २०१९ मध्ये, तिथेच आलं.

घर एका गावी, कंपनीचा बेस दुसऱ्या गावी आणि स्क्वाड्रन तिसऱ्या गावी, असा त्रिकोण करू नका. मी दीड वर्ष केला. महिन्यातले सहा दिवस जंपसीटवर (कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर), पगार नसलेल्या प्रवासात गेले. निदान दोन टोकं एका गावात आणा.

३. दोन परीक्षा

पहिली एएफओक्यूटी, हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची लेखी परीक्षा. भाषा, गणित, तक्ते वाचणं, ठोकळे मोजणं, उपकरणं पाहून विमानाची स्थिती ओळखणं. विमानविषयक भाग तुम्हाला सोपा जाईल. तक्ते वाचण्याचा भाग निव्वळ वेगाचा आहे आणि तिथे अनुभवी लोक मार खातात, कारण आपल्याला प्रत्येक आकडा दोनदा तपासायची सवय असते. घड्याळ लावून महिनाभर सराव करा. ही परीक्षा पुन्हा देण्याची संधी मोजकीच असते.

दुसरी टीबास. संगणकासमोर जॉयस्टिक आणि पेडल घेऊन बसायचं, लक्ष्याचा पाठलाग करायचा, त्याच वेळी कानात येणारे आकडे ऐकून बटण दाबायचं. नकाशावरचं ड्रोन कोणत्या दिशेला चाललंय हे ओळखून उत्तर द्यायचाही एक भाग आहे. त्यासाठी दिशा मनात फिरवण्याचा सराव घरी कागदावर होतो.

या दोन्ही परीक्षा आणि तुमचे उड्डाणाचे तास मिळून पीसीएसएम नावाचा १ ते ९९ मधला एक गुण निघतो. यातली मेख लक्षात ठेवा: तासांचं वजन एका मर्यादेपर्यंतच वाढतं, आणि ती मर्यादा फार खाली आहे. म्हणजे माझ्या दोन हजार तासांना खासगी परवान्यावर उडणाऱ्या एका उत्साही मुलापेक्षा इथे काहीच जास्त मिळालं नाही. परीक्षेचे गुण कमी पडले तर तास ते भरून काढत नाहीत.

४. स्क्वाड्रनला भेट द्या, आणि पुन्हा द्या

याला तिथे "रश" म्हणतात. निवड समितीच्या आधी उमेदवाराने स्क्वाड्रनला येऊन लोकांना भेटायचं. कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नाही, पण भेटीला न आलेल्या माणसाची निवड झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

कसं करायचं: स्क्वाड्रनच्या भरतीची जाहिरात शोधा, त्यात दिलेल्या अधिकाऱ्याला छोटं पत्र पाठवा. मी कोण, कुठे उडवते, वय किती, कोणत्या महिन्यात येऊ शकते. एवढंच. बायोडेटा मागितल्याशिवाय पाठवू नका. ते तुम्हाला बहुधा ड्रिलच्या, म्हणजे गार्डच्या दरमहा सरावाच्या, शनिवार-रविवारी बोलावतील.

पहिल्या भेटीला मी सूट घालून, लॉगबुकची चाळीस पानं छापून गेले. लॉगबुक कुणी उघडलंही नाही. एका म्हाताऱ्या बूम ऑपरेटरने मला दोन तास हँगरमध्ये फिरवलं, विमानाच्या पोटाखाली उभं करून नळी दाखवली, आणि प्रश्न विचारले ते असे: सुट्टीत काय करतेस, आईबाबा काय म्हणतात, लहानपणी कशाचा राग यायचा. नंतर कळलं की समितीआधी त्यालाही विचारतात, "कशी वाटली?" बूम ऑपरेटर, मेकॅनिक, कार्यालयातली सार्जंट, सगळ्यांशी सारख्याच आदराने बोला. आपल्याकडे साहेबांपुढे वाकून शिपायाकडे दुर्लक्ष करायची एक वाईट खोड असते. इथे ती पाच मिनिटांत उघडी पडते.

विमान कंपनीच्या गप्पा कमी करा. अर्धं स्क्वाड्रन मोठ्या कंपन्यांत कॅप्टन असतं, पगार आणि बेस यांच्या गोष्टी त्यांना तुमच्याहून जास्त माहीत असतात. तुम्ही विचारायचं ते टँकरबद्दल: गेल्या वेळी कुठे गेला होता, किती दिवस, घरच्यांचं कसं झालं.

मी तीन स्क्वाड्रनना मिळून सात भेटी दिल्या. पहिल्या वर्षी एकीकडे पर्यायी उमेदवार झाले आणि दुसरीकडे नावच आलं नाही. नकार आल्यावर आभाराचं पत्र पाठवून पुढच्या वर्षी परत जाणाऱ्याला लोक ओळखतात. मला ज्यांनी शेवटी घेतलं त्यांच्याकडेही मी दुसऱ्यांदाच अर्ज केला होता.

५. अर्जाची कागदपत्रं

प्रत्येक स्क्वाड्रनची यादी थोडी वेगळी असते, पण हे सगळे मागतात:

- एका पानाचं पत्र आणि एका पानाचा बायोडेटा
- एएफओक्यूटी आणि पीसीएसएमचे गुण
- कॉलेजची अधिकृत गुणपत्रकं (भारतातली पदवी असेल तर तिचं इथलं मूल्यांकन, याला वेळ लागतो)
- एफएएचे (अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक खात्याचे) परवाने, फर्स्ट क्लास मेडिकल, तासांचा गोषवारा
- तीन ते पाच शिफारसपत्रं. निदान एक तुमच्याबरोबर उडालेल्या कॅप्टनचं
- नागरिकत्वाचा पुरावा: जन्मदाखला, पासपोर्ट किंवा नॅचरलायझेशनचं प्रमाणपत्र
- चेकराइड (उड्डाणाची परीक्षा) नापास झाली असेल, वाहतुकीचा दंड, अटक, काहीही असेल तर त्याचं स्वतःच्या शब्दांतलं स्पष्टीकरण

नावाचं प्रकरण आपल्या लोकांना त्रास देतं. भारतीय जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव मधे, पदवीवर आडनाव आधी, एफएएच्या परवान्यावर मधलं नाव नाही, लग्नानंतर आडनाव बदललेलं. सगळ्यांचं एक पान करून, कोणतं नाव कुठे आहे ते लिहून ठेवा. माझी फाइल यामुळे दोन महिने पडून होती.

६. समितीसमोर

साधारण अर्धा तास, पाच-सहा अधिकारी. तांत्रिक प्रश्न जवळपास नसतात. मला विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न: "उद्या मोठ्या कंपनीने बोलावलं आणि त्याच आठवड्यात आम्ही परदेशी पाठवतोय, काय करशील?" उत्तर ठरवून जा, आणि ते खरं असू द्या. विंग्ज मिळाल्यापासून दहा वर्षांची बांधिलकी असते. "मला दोन्ही करायचंय, पण आदेश आला की आदेश आधी" हे मनापासून म्हणता येत नसेल तर ही नोकरी घेऊ नका, कारण तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी तंबूत दोन महिने जास्त राहावं लागेल.

७. वैद्यकीय तपासणी

एफएएचं फर्स्ट क्लास आहे म्हणजे झालं, हा सर्वांत मोठा गैरसमज. लष्कराची तपासणी ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर होते आणि ती कितीतरी बारीक असते. रंग ओळखण्यात किंचित उणीव असेल तर एफएए पर्यायी चाचणीवर परवाना देते. इथे तो चालत नाही. तेरा वर्षांनंतर दम्याचा त्रास झाला असेल, लहानपणी इन्हेलर लिहून दिला असेल, तर सवलतीचा अर्ज करावा लागतो. डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया चालते, पण त्यानंतर ठराविक महिने जावे लागतात आणि शस्त्रक्रियेआधीचे आकडे लागतात. ते आकडे डॉक्टरकडून आजच मागून ठेवा.

आणि एक कळकळीने सांगते: लष्कराच्या अर्जात लिहिलेलं आणि एफएएच्या अर्जात लिहिलेलं जुळलं पाहिजे. काही लपवलं असेल तर एकाच दिवशी दोन्ही नोकऱ्या जाऊ शकतात.

८. एसएफ-८६: इथे आपल्या घराण्याचा इतिहास लिहायचा असतो

सुरक्षा परवानगीचा हा अर्ज. गेल्या दहा वर्षांतले पत्ते, सात वर्षांतला परदेश प्रवास, परदेशी नातेवाईक आणि ज्यांच्याशी जवळचा संबंध आहे असे परदेशी लोक. आपल्यापैकी कुणालाही यात चार-पाच पानं भारतासाठीच लागतात. आजी, मामा, आत्या, त्यांचे जन्मदिनांक, पत्ते, नोकऱ्या. काका निवृत्त सरकारी अधिकारी असतील तर तेही. भारतात नातेवाईक असणं हा अडथळा नाही. लिहायचं राहून जाणं हा अडथळा आहे.

विसरल्या जाणाऱ्या गोष्टी:

गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का ते विचारा. माझं होतं. आजोबांच्या वारसनोंदीत तलाठ्याने सगळ्या नातवंडांची नावं चढवली होती आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. परदेशातली मालमत्ता अर्जात सांगावी लागते, मग ती चार गुंठे का असेना. तसंच बाबांबरोबर संयुक्त असलेलं एनआरओ खातं, लहानपणी आजीने काढलेली मुदत ठेव.

ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं. ते भारताचं नागरिकत्व नाही, तरी अर्जात सांगा. पण याची दुसरी बाजू फार कमी लोकांना माहीत असते: भारत सरकारच्या नियमाप्रमाणे परदेशी सैन्यातल्या, सेवेत असलेल्या किंवा निवृत्त, व्यक्तीला ओसीआय मिळत नाही. तुमच्याकडे आधीपासून कार्ड असेल तर अधिकारपदाची शपथ घेण्याआधी भारतीय वकिलातीत आणि तुमच्या स्क्वाड्रनच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे, दोन्हीकडे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. नंतर आजी आजारी पडली म्हणून दोन दिवसांत नाशिकला जायचं असतं आणि व्हिसासाठी धावपळ होते. माझ्या ओळखीच्या एकाला मामाच्या तेराव्यालासुद्धा पोहोचता आलं नाही. हे आईबाबांनाही आधीच सांगा. त्यांना ते कळायचा हक्क आहे.

९. विमान कंपनीला सांगणं

तुमचं संरक्षण करणारा केंद्रीय कायदा १९९४ चा, त्याला सगळे "युसेरा" म्हणतात. त्यातलं तुम्हाला लागणारं एवढं:

सेवेला जाण्याआधी कंपनीला कळवायचं. तोंडी चालतं, पण ई-मेलच करा. कंपनीची परवानगी मागायची नसते, सूचना द्यायची असते. पत्रात "कृपया रजा मंजूर करावी" लिहिलंत की समोरचा माणूस नामंजूर करायला मोकळा होतो. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी लष्करी सेवेवर आहे" असं लिहा.

परत येण्याची मुदत सेवेच्या लांबीवर असते. ३१ दिवसांहून कमी असेल तर घरी पोहोचून आठ तास विश्रांती झाल्यावरच्या पहिल्या पूर्ण पाळीला हजर व्हायचं. ३१ ते १८० दिवस असेल तर १४ दिवसांत अर्ज. १८० दिवसांहून जास्त असेल तर ९० दिवसांत. तुमची सिनिऑरिटी या काळात चालू राहते, जणू तुम्ही गेलाच नव्हता. विमान कंपनीत सगळं आयुष्य त्या क्रमांकावर चालतं, त्यामुळे परतल्यावर यादी स्वतः तपासा.

एकाच मालकाकडे असताना सेवेची एकूण मर्यादा पाच वर्षं. ड्रिल आणि वार्षिक सराव त्यात धरत नाहीत, आणखीही काही सेवांना सूट असते. प्रशिक्षणाच्या ऑर्डरवर ती सूट कोणत्या कलमाखाली आहे हे छापून घ्या. दहा वर्षांनी कुणी मोजायला बसलं तर त्या एका ओळीवर सगळं अवलंबून असतं.

माझ्या तेव्हाच्या कंपनीच्या कार्यालयाने दोन दिवसांच्या ड्रिलसाठीही सहीशिक्क्याची ऑर्डर मागितली आणि ती येईपर्यंत मला गैरहजर धरलं. महिना-दीड महिन्याची झोप गेली. ३० दिवसांपर्यंतच्या सेवेनंतर परतताना असा कागद मागायचा त्यांना अधिकार नव्हता. मी भांडले नाही, ईएसजीआर या संरक्षण खात्याच्या मध्यस्थ संस्थेला फोन केला, त्यांच्या स्वयंसेवकाने कंपनीला कायदा समजावला आणि आठवड्यात मिटलं. त्याने न मिटल्यास कामगार खात्याकडे तक्रार करता येते. तिथपर्यंत सहसा जावं लागत नाही.

बेसवरच्या चीफ पायलटला मात्र स्वतः भेटून सांगा. कायदा आहे म्हणून कोरडेपणा करू नका. तुमच्या ट्रिप कुणीतरी उडवणार असतं.

१०. प्रशिक्षण, आणि अंगवळणी पडलेल्या सवयी

क्रम साधारण असा: अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर सुमारे दोन महिने अधिकारी प्रशिक्षण, मग मिसिसिपी, टेक्सास किंवा ओक्लाहोमातल्या तळावर वर्षभराच्या आसपास वैमानिक प्रशिक्षण, वॉशिंग्टन राज्यात फेअरचाइल्डला शत्रूच्या प्रदेशात तग धरण्याचं शिक्षण, शेवटी ओक्लाहोमातल्या आल्टसला टँकर. मधल्या वाट पाहण्यासकट दोन-अडीच वर्षं धरा. या काळात पगार लष्कराचा, तुमच्या हुद्द्याप्रमाणे. घरभाड्याचा आणि कर्जाचा हिशेब आधी मांडा. फर्स्ट क्लास मेडिकलची तारीखही विसरू नका.

वैमानिक प्रशिक्षणातलं टी-६ हे एका टर्बोप्रॉप इंजिनाचं, बाहेर फेकणाऱ्या आसनाचं विमान. आपल्याला वाटतं जेट उडवून आलोय, हे काय. पहिल्या महिन्यात ते डोक्यातून निघून जातं.

आणीबाणीच्या काही कृती "बोल्डफेस" म्हणून पाठ कराव्या लागतात, शब्दन् शब्द, विरामचिन्हासकट. कंपनीत आपण मेमरी आयटम म्हणतो आणि बाकी चेकलिस्ट काढतो, इथे कागदावर एक शब्द इकडचा तिकडे झाला की त्या दिवशी उड्डाण नाही. मी अर्थ बरोबर लिहिला, क्रम चुकला, आणि निळ्या आकाशाखाली दिवसभर वर्गात बसले. सकाळी सगळ्यांसमोर उभं करून आणीबाणी सोडवायला लावतात. तिथे "आमच्या कंपनीत आम्ही..." हे वाक्य एकदाही उच्चारू नका.

सगळ्यात अवघड गेलं ते फॉर्मेशन. प्रवासी वैमानिकाच्या अंगात दुसऱ्या विमानापासून लांब राहणं भिनलेलं असतं. शेजारच्या विमानाचे रिव्हेट दिसतील इतकं जवळ जायचं म्हटल्यावर माझे हात आपोआप थ्रॉटल मागे घ्यायचे. उपाय एकच सापडला. संध्याकाळी खोलीत खुर्चीवर बसून, डोळे मिटून, हातांनी आणि तोंडाने पूर्ण उड्डाण करायचं, रोज. आणि वर्गातल्या मुलांना उपकरणांवरचं उड्डाण, रेडिओवरचं बोलणं शिकवायचं. ते तुम्हाला हवेतल्या कसरती शिकवतात. माझी वर्गातली ओळख "जिच्याकडे अप्रोच प्लेट (विमान उतरवण्याचा नकाशा) समजून घ्यायला जातात ती" अशी झाली, आणि त्याने मला फार सांभाळलं.

११. आल्टस: टँकर म्हणून विचार करणं

इथे तुमचा अनुभव खरोखर कामाला येतो. चार इंजिनांचं जड विमान, हवामान, महासागर ओलांडणं, कंट्रोलरशी बोलणं, हे ओळखीचं. नवीन काय ते सांगते.

एक म्हणजे "मार्सा". ठराविक टप्प्यावर दोन विमानांमधलं अंतर राखण्याची जबाबदारी कंट्रोलरकडून लष्कराकडे, म्हणजे तुमच्याकडे येते. ज्याने आयुष्यभर टीकॅसच्या, म्हणजे टक्करीचा इशारा देणाऱ्या यंत्राच्या, आवाजाला मान दिला त्याला सुरुवातीला पोटात खड्डा पडतो.

दुसरं, भेट जुळवणं. टँकर ठरलेल्या बिंदूवर घिरट्या घालतो, इंधन घेणारा समोरून, हजार फूट खालून येतो. वारा आणि वेग यांचा हिशेब करून नेमक्या अंतरावर तुम्ही १८० अंशांत वळायचं, असं की वळण संपताना तो तुमच्या मागे काही मैलांवर असेल. वेळ चुकली तर तो पुढे निघून जातो किंवा फार मागे पडतो, आणि पाठलागात दोघांचं इंधन जळतं.

तिसरं, तुमचं उडणं दुसऱ्यासाठी असतं. ए-१० ला हळू लागतं, एफ-१६ ला वेगात. सी-१७ सारखं मोठं विमान जवळ आलं की त्याच्या पुढ्यातल्या हवेचा दाब तुमच्या शेपटीला जाणवतो. भरत चाललेलं जड विमान वेग राखू शकत नसेल तर त्याच्या सोयीसाठी टँकर मिनिटाला काहीशे फूट हळूहळू उतरत जातो, याला "टोबॉगन" म्हणतात. को-पायलट इंधनाच्या पॅनेलवर टाक्या सांभाळत असतो, कारण टनावारी इंधन बाहेर जात असताना विमानाचा तोल बिघडू द्यायचा नाही. आणि बूम ऑपरेटरने "ब्रेकअवे" (ताबडतोब वेगळे व्हा) म्हटलं की प्रश्न न विचारता कृती. तो तुमच्याहून हुद्द्याने खाली असेल, पण मागचं सगळं फक्त त्यालाच दिसतं.

१२. दोन रोस्टरचा महिना

परतल्यावर कंपनीत पुन्हा पात्रतेचं प्रशिक्षण, मग दोन्ही सुरू. कागदावर गार्ड म्हणजे महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षात पंधरा दिवस. वैमानिकाला तेवढ्यात सराव टिकवता येत नाही. उड्डाणासाठी आणखी दिवस द्यावे लागतात, त्यांचा पगार मिळतो. महिन्याला पाच-सहा दिवस धरून चाला.

माझी पद्धत: ड्रिलच्या वर्षभराच्या तारखा हातात आल्या की त्याच दिवशी कंपनीला कळवते, बिड (पुढच्या महिन्याच्या ट्रिपची पसंती) उघडायच्या आधी. दोन कामांमध्ये निदान एक पूर्ण रात्र घरी. एफएएच्या नियमांत थकलेल्या अवस्थेत कामावर न येण्याची जबाबदारी वैमानिकावरही आहे, आणि टँकरवर रात्रभर जागून सकाळच्या ट्रिपला आलेली व्यक्ती थकलेलीच असते. आदल्या रात्री कुठे होता हे कंपनीच्या संगणकाला कळत नाही. तुम्हाला कळतं, आणि मागे दीडशे माणसं बसलेली असतात.

एक वही ठेवा, लष्करी सेवेचा प्रत्येक दिवस, ऑर्डर क्रमांक आणि मिळालेले पॉइंट लिहायला. वर्षाला किमान ५० पॉइंटचं एक "चांगलं वर्ष", अशी वीस वर्षं झाली की साठाव्या वर्षापासून निवृत्तिवेतन. वर्षअखेरीला सरकारी पत्रक येतं ते या वहीशी ताडून पाहा. माझ्या पत्रकात पहिल्याच वर्षी अकरा पॉइंट कमी होते, आणि वही होती म्हणून ते परत मिळाले.

येत्या आठवड्यात करायचं काम एकच: तुमच्या बेसपासून गाडीने जाता येईल अशा टँकर स्क्वाड्रनची ड्रिलची पुढची तारीख विचारा, आणि तो शनिवार बिडमध्ये मोकळा ठेवा. जाताना सूट घालू नका. आईने चकल्या दिल्या असतील तर एक डबा न्या. बूम ऑपरेटर लोकांना त्या फार आवडतात.